सोप्यातली तालीम



आज मी व्यायामाविषयी बोलणार आहे, असे म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी निम्म्या मंडळींचा हात रेडिओचा कान पिळायला जाईल, हे मला ठाऊक आहे. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची ओळख करून देणे. पण जरा थांबा. मी उपदेश करायला आलेलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती. ती निस्तरता निस्तरता आमच्या सोप्याच्या कोपऱ्यात एक छोटीशी तालीम उभी राहिली. तिची हकीकत सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

मी प्राथमिक शिक्षक. आता निवृत्त झालो. शाळेत कवायतीचा तास बहुतेक माझ्याकडेच असे. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे जुनी तालीम होती. माझे वडील तिथे जात, लहानपणी मीही जात असे. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात कालवलेले ताक, हळद, तेल आणि लिंबाचा रस, तो वास अजून नाकात आहे. आपल्याकडच्या पोरांना तालमीचे वेड असायला कारणही होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. त्यांचे नाव घेऊन आम्ही जोर काढत असू. पुढे नोकरी लागली, तालीम सुटली, आणि तालमीच्या खोलीत हळूहळू मांडवाचे बांबू नि पत्रे येऊन पडले.

आता ती चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. घरातली मंडळी लग्नाला परगावी गेलेली, मी शाळेत. दुपारी बाराच्या सुमारास आई जोंधळे निवडायला खाली बसली आणि काम झाल्यावर उठू गेली, तर उठता येईना. पडली नव्हती, लागले नव्हते. नुसते उठता येत नव्हते. मी साडेपाचला घरी आलो, तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून बसली होती. पाण्याची घागर चार हातांवर होती, पण घसा कोरडा.

मी म्हणालो, "आई, अगं हाक तरी मारायचीस कुणाला!"

ती म्हणाली, "कुणाला मारू? समदी रानात. आन् उठता येत न्हाई, हे काय वरडून सांगायचं?"

डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तपासून सांगितले, "हाडं शाबूत आहेत, गुरुजी. मांड्यांत बळ उरलेलं नाही." मी विचारले, यावर औषध काय? ते म्हणाले, "उठाबशा." मला हसू आले. ते हसले नाहीत.

घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा उलगडा झाला. तरुणपणी हीच बाई नदीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर घागर घेऊन चढ चढून येत होती. पहाटे जात्यावर बसत होती. मग गिरणी आली, दारात नळ आला, गॅस आला. हे सारे चांगलेच झाले, ते दिवस परत यावेत असे कुणी म्हणणार नाही. पण त्यावर आमची माया आली. "आई, तू बस, आम्ही करतो." रोज उठून हेच. दहा वर्षे आम्ही तिला मायेने बसवून ठेवली आणि एक दिवस ती खरोखरीच बसली. शाळेत दोनशे मुलांना मी "हात वर, हात खाली" करायला लावत होतो, आणि घरात कुणाच्या अंगात किती बळ उरले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

यात शास्त्र काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. तिशी-चाळिशी उलटली की माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि साठीनंतर ही झीज वाढते. पण ती सगळीच वयाची करणी नसते. बरीचशी न वापरण्याची असते. अमेरिकेत बोस्टनला एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम दिला. त्याचा अहवाल 1990 साली प्रसिद्ध झाला. दहांपैकी नऊ जणांनी तो शेवटपर्यंत केला, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे दम लागेल असे चालावे-फिरावे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही ठेवावा. म्हणजे "रोज देवळापर्यंत चालतो की" एवढ्यावर भागत नाही. चालणे हवेच, पण त्याने हात, पाठ आणि मांड्या यांना पुरेसे बळ येत नाही.

मग प्रश्न आला, करायचे कुठे? तालुक्याला यंत्रांची व्यायामशाळा आहे. फी द्या, गाडीला पेट्रोल घाला, जा नि या. तरुण पोरे जातात, जाऊ द्या. पण माझी आई तिथे जाणार होती का? घरची सून, दोन लेकरांची आई, स्वयंपाक टाकून जाणार होती का? खरे सांगायचे तर आमच्या जुन्या तालमीचा उंबराही गावातल्या एकाही बाईने कधी ओलांडला नव्हता. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांना व्यायामाची जागा घराच्या भिंतींच्या आतच लागते. म्हणून ठरवले, तालीम घरातच करायची.

जागा किती लागते? टेप शोधू नका. जमिनीवर उताणे निजा, हात डोक्यावरून मागे सोडा, आणि घरातल्या कुणाला तरी बोटांपाशी नि टाचांपाशी खडूने खूण करायला सांगा. मग उभे राहा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. ती झाली रुंदी. साधारण सात फूट लांब आणि पाच-साडेपाच फूट रुंद, एवढी जागा पुरते. एक सतरंजी अंथरली की संपली. आमच्या सोप्याच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप, मोडका पाळणा आणि दोन रिकामी पोती होती. ती हलवली, तालीम निघाली! ज्यांच्याकडे एकच खोली आहे, त्यांनी बाज उभी करून ठेवावी. अर्ध्या तासाने पुन्हा पाडता येते.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. राजाला मोठा आखाडा बांधणे काही कठीण नव्हते. पण ज्याला स्वतःच्या देहाएवढीच जागा लागते, असा व्यायाम त्यांनी निवडला. मुलांसाठी नि तरुणांसाठी आजही त्याहून स्वस्त काही नाही.

आता सामान. आमच्या कोपऱ्यात आहे ते एकेक सांगतो.

पहिली वस्तू, घोंगडी किंवा सतरंजी. सारवलेल्या जमिनीवर ती सरकत नाही. पण गुळगुळीत फरशी असेल तर सरकते आणि माणूस आपटतो. फरशीवर खाली रबरी चटई किंवा ओलसर तरट घाला.

दुसरी, तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, मूठ असलेले. साबणाने धुऊन घ्या. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे भरलेला कॅन पाच किलो. कोरडी वाळू पाण्याच्या साधारण दीडपट भरते, म्हणजे वाळूचा कॅन साडेसात किलोच्या आसपास. नक्की आकडा हवा असेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. विकतच्या डंबेलपेक्षा हे एका बाबतीत सरस आहे. डंबेलचे वजन ठरलेले असते, कॅनचे तांब्यातांब्याने वाढवता येते.

तिसरी, वाळूची पिशवी. जुन्या जाड विजारीचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत साखरेच्या रिकाम्या पोत्याची पिशवी करून तिच्यात दहा किलो वाळू भरा आणि दुसरे तोंड शिवून टाका. दुहेरी कापड हवे, नाहीतर वाळू सोपाभर होते आणि मग तुमची तालीम गृहलक्ष्मीच्या हुकुमाने बंद पडते. खताचे पोते घेऊ नका. त्यातली पूड हाताला आणि डोळ्यांना लागते.

चौथी, बैलाचा जुना पण मजबूत कासरा. पाचवी, मागे टेकायला पाठ असलेली खुर्ची. तिची पाठ भिंतीला लावून ठेवायची, म्हणजे ती मागे सरकत नाही.

आणि हौस असेल तर सहावी, करेलांची जोडी. आमच्या सुताराने बाभळीच्या लाकडाची करून दिली. मूठ बारीक, तिच्या टोकाला गाठ, म्हणजे घामाच्या हातातून निसटत नाही. करेल मात्र घरात फिरवायची नाहीत. हाताची लांबी आणि करेलाची लांबी मिळून चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. ती अंगणात. माझा रोख खर्च झाला तो या करेलांच्या मजुरीचा. बाकी सारे घरातच होते.

आता काय करायचे? मी पाच कामे ठरवली आहेत, आणि ती तुम्हाला नवी नाहीत. ढकलणे, ओढणे, बसून उठणे, उचलणे, वाहून नेणे. माणसाचे सारे कष्ट या पाचांत येतात.

ढकलणे म्हणजे जोर. पण पहिल्या दिवशी जमिनीवर जोर काढायला जाऊ नका. भिंतीपासून दोन हात उभे राहा, तळवे भिंतीला लावा आणि भिंतीवर जोर काढा. ते सोपे झाले की ओट्याच्या काठावर. तेही सोपे झाले की जमिनीवर. ज्यांची मनगटे दुखतात, त्यांनी हाताखाली दोन लाकडी ठोकळे घ्यावेत.

ओढणे. घराच्या पक्क्या खांबाला कासऱ्याचा वेढा घाला, दोन्ही टोके हातात धरा, पाय खांबाजवळ रोवून मागे कला आणि स्वतःला ओढून घ्या. खांब डुगडुगता असेल, वाळवीने खाल्लेला असेल, तर हे करू नका. जुन्या तुळईला लोंबकळणे तर मुळीच नको. त्याऐवजी एक हात ओट्यावर टेकून वाका आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढून घ्या.

बसून उठणे. खुर्चीवरून उठा, पुन्हा सावकाश बसा. धपकन बसायचे नाही, उतरतानाही मांड्यांनीच भार धरायचा. हे सोपे झाले की खुर्ची काढा, बैठका मारा.

उचलणे. वाळूची पिशवी जमिनीवरून उचलून छातीशी धरा आणि खाली ठेवा. गुडघे वाकवा, पाठ सरळ, पिशवी अंगाजवळ. पोते उचलताना ज्यांची कंबर धरली आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

वाहून नेणे. दोन हातांत दोन कॅन घेऊन ताठ मानेने अंगणात चाला. नदीवरून पाणी आणण्याचे काम गेले, त्यातला व्यायाम आपण ठेवून घेतला.

प्रत्येक काम आठ ते बारा वेळा. अशा दोन फेऱ्या. आधी पाच मिनिटे हातपाय मोकळे करायचे. सगळे मिळून अर्धा तास, दिवसाआड, म्हणजे आठवड्यात तीन दिवस. मधला दिवस विसाव्याचा, कारण भार दिल्यानंतरच्या विसाव्यात अंगात बळ भरत जाते.

आणि आता यातले खरे मर्म. भार वाढत गेला पाहिजे. दोन्ही फेऱ्यांत बारा वेळा सहज होऊ लागले की पुढच्या आठवड्यात कॅनमध्ये अर्धा तांब्या पाणी घाला. तेवढेच. पुष्कळ लोक पहिल्या दिवशी शंभर बैठका मारतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. उलट काही जण वर्षभर तेच वजन तितक्याच वेळा उचलतात आणि फरक पडत नाही म्हणतात. दोघांनाही अर्ध्या तांब्याची गोष्ट समजलेली नसते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब वाढलेला आहे, अंतर्गळ आहे, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. करताना छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. वजन उचलताना श्वास कोंडू नका. उचलताना सोडा, ठेवताना घ्या. काम झाले की कॅन आणि पिशवी भिंतीशी लावून ठेवा, रांगत्या मुलाच्या वाटेत नको.

आता शेतकरी बंधूंचा प्रश्न. "आम्ही रानात मरमर मरतो, आम्हाला कशाला हे?" प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीच्या किंवा सुगीच्या दिवसांत हा व्यायाम खुशाल बंद ठेवा, विश्रांती घ्या. पण दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे रानातले काम पुष्कळदा एकाच अंगाने आणि वाकूनच होते. खुरपणाऱ्या बाईची पाठ दिवसभर पुढे वाकते. ओढण्याचे काम तिला ताठ ठेवते. आणि दुसरी म्हणजे, मनाशी खरे बोला. मोटेच्या जागी बटण आले, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, बांधापर्यंत जायला मोटरसायकल आली. आपण राबतो असे म्हणायची सवय तेवढी राहिली आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. कॅनमधले पाणी आणि वाळू यांचा धडा वर्गात घ्या. लिटर, किलो, दीडपट, सारे गणित त्यात आहे. मग मुलांना घरी जाऊन आजीला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगायला लावा, शेजारी उभे राहून. किती जमले, ते वहीत लिहून आणू दे. मुलींकडूनही हे करवा. माझ्या कवायतीच्या तासाला मुली बऱ्याचदा कडेला बसून असत, आणि मी त्यांना कधी उठवले नाही. आता उठवले असते.

शेवटी आईचे सांगतो. ती आधी तयारच नव्हती. "या वयात का तालीम? लोक हसतील." मी दार पुढे केले. पहिल्या दिवशी खुर्चीचे दोन्ही हात धरून ती तीन वेळा उठली आणि दमून बसली. महिन्याने एक हात सुटला. पुढे दोन्ही सुटले. खुर्चीच्या जागी बाज आली, बाजेच्या जागी पाट आला. पाठोपाठ भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे राहण्याचा सराव. पाच महिन्यांनी एका सकाळी ती जमिनीवर बसून गवार मोडत होती. मी आपसूक हात द्यायला पुढे झालो. ती म्हणाली, "बाजूला हो." एक हात पाटावर टेकला, आणि उठली. सुनेने चुलीपाशी कौतुकाने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तीही कोपऱ्यात दिसू लागली.

आई त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. अखेरचे आजारपण सोडले, तर शेवटपर्यंत जमिनीवरून स्वतः उठत होती. तिला कुणी पैलवान केले नव्हते. तिची तिला उठता येत होते, आणि त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणे झाली की एवढे करा. घरातल्या थोरल्या माणसाजवळ उभे राहा आणि विचारा, खाली बसल्यावर तुम्हाला एकट्याने उठता येते का? उत्तर काहीही येवो, सकाळी सोप्याचा एक कोपरा मोकळा करा.